पुढील कार्यवाहीस्तव

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
नागपूर.

विषय : ऑटिझम असलेल्या मुलांची तपासणी, आणि तपासणीनंतर त्यांच्या कागदाला न मिळणारं पुढचं टेबल.

महोदय,

मी एका निमसरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक आहे. २२ वर्षं झाली. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि तो कुठल्या टेबलावर जाणार ते लिहायचं, एवढंच माझं काम. आमच्याकडे कागद उशिरा पोचतो, चुकीच्या टेबलावर जातो, कधी चहाच्या बशीखाली आठवडा काढतो. पण तो कुणाकडे जायचा आहे हे त्याच्यावर लिहिलेलं असतं. ‘पुढील कार्यवाहीस्तव’ असं लिहून समोर टेबलाचं नाव घातल्याशिवाय मी आजवर एकही कागद हातातून सोडलेला नाही.

माझ्या मुलाचे असे पुढचं टेबल नसलेले अकरा कागद माझ्या घरी आहेत.

मुलाला घरात दादू म्हणतो. नुकताच सात वर्षांचा झाला. त्याला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. शब्द रुळलाय, बदला म्हणत नाही. पण ज्यानं तो घडवला त्यानं आमचा दादू पाहिला नसावा. हा पोरगा स्वतःत मग्न झालेला मी कधी पाहिला नाही. तो कूलरच्या पंख्यात असतो, नळाच्या धारेत असतो, मेट्रोच्या स्टेशनांच्या नावांत असतो. खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत सगळी स्टेशनं त्याला सरळ आणि उलटी पाठ आहेत. स्वतःकडे त्याचं लक्ष जातं ते फक्त शर्टाचं लेबल मानेला टोचलं की.

दादू वर्षाचा असताना ‘मम’, ‘भू’, ‘आज्जी’ म्हणायचा. दीड वर्षाचा होईपर्यंत हे शब्द गेले. कुठला कधी गेला ते सांगता येणार नाही. हाक मारली तर वळेना. पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फाडला की अंगणातून धावत यायचा, त्यामुळे कानाचा संशय सकाळी आला तरी संध्याकाळपर्यंत टिकत नसे. माझी आई म्हणायची, “याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता? बोलते तो. काहून जीव खाऊन राहिले लेकराचा?” माझ्या उशिरा बोलण्याची ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की मलाही ती आठवते असं वाटू लागलंय.

त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला त्याला धोतर-टोपी घातली, लाकडी बैल सजवला आणि गल्लीत नेऊन उभा केला. बैलाच्या गळ्यात घुंगरं, शिंगांना बेगड, पाठीवर बायकोनं जुन्या साडीच्या काठाची शिवलेली झूल. पोरं रांगेत लागली, कुणी शंकर झालेलं, कुणी शेतकरी. दादूनं बैल आडवा पाडला, गाल डांबरावर टेकवला आणि बोटानं त्याचं चाक फिरवू लागला. चाक थांबलं की पुन्हा. परीक्षक आले, बक्षिसं झाली, पोरं बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागायला घरोघर पांगली. हा तिथंच. पाऊण तास. उचलायला गेलो तर असा किंचाळला की समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. त्या रात्री बायकोनं मोबाइलवर पहिल्यांदा ‘ऑटिझम’ हा शब्द शोधला आणि मला सांगितलं नाही. मीही शोधला होता. मीही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात बूस्टरची लस होती. डॉक्टरांनी वजन केलं, डोक्याचा घेर मोजला, “बोलतो का?” विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, दोन वर्षांपर्यंत वाट बघू, मुलगे उशिराच बोलतात. दोन वर्षांचा झाला तेव्हा म्हणाले, तीनपर्यंत बघू. माणूस चांगला होता, तापाला रात्री अकरालाही दार उघडायचा. म्हणूनच आम्ही त्याचं ऐकलं.

आता मला माहीत आहे की या वयासाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची एक चाळणी असते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी. फुकट मिळते, दहा मिनिटांत होते, आईबापांनी फक्त हो-नाही सांगायचं. तुम्ही बोट दाखवलंत तर मूल तिकडे बघतं का? आवडलेली वस्तू तुम्हाला दाखवायला घेऊन येतं का? नावानं हाक मारली तर वळतं का? गुण दोनपर्यंत आले तर काळजी नाही, तीन ते सात आले तर त्याच प्रश्नांत खोलवर शिरायचं, आठ किंवा वर गेले तर थेट तज्ज्ञाकडे पाठवायचं. चाळणीवर उरलेले सगळेच खडे नसतात, हे मान्य. पण चाळायला काय जातं? अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाला ऑटिझमसाठी चाळायला सांगते, आईबापांना संशय असो वा नसो. दादूच्या वेळी हे २० प्रश्न कुणी विचारले असते तर किमान आठ उत्तरं तरी आमच्या विरोधात गेली असती, हे मी आता घरी बसून मोजलंय.

आपल्याकडे योजना नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासायची. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब असे चार गट. ऑटिझम चौथ्या गटात नाव घेऊन लिहिलेला आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जायचं, आणि सापडलेलं मूल जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांना लहानपणीच मदत देणाऱ्या केंद्राकडे, पाठवायचं. कागदावर तर पुढचं टेबलही आहे. पण माझ्यासारख्याचं मूल अंगणवाडीत नसतं. ते खासगी दवाखान्यात लस घेतं आणि गल्लीतल्या प्ले-ग्रुपला जातं. सरकारी जाळ्यात ते येतच नाही, आणि खासगीत जाळंच नसतं. माता व बाल संरक्षण कार्डावर मूल कितव्या महिन्यात काय करतं याची चित्रं असतात. बहिणीच्या मुलीचं ते कार्ड मी पाहिलंय. लसींच्या तारखा शेवटपर्यंत भरलेल्या, चित्रांचं पान कोरं.

पहिला कागद मिळाला तो कानाचा. बेरा तपासणी करायची होती, आणि ती मूल गाढ झोपलं तरच होते. सांगितलं की रात्री दोनपर्यंत जागं ठेवा, पहाटे पाचला उठवा, म्हणजे इथं औषध दिलं की झोपेल. मे महिना होता. मी दादूला स्कूटरवर पुढं उभा करून रात्री एक वाजता रिंग रोडवर फिरवत होतो. गरम वारा, उघडी पानटपरी, आणि हा खूश. सकाळी औषधाचं सिरप पाजलं. झोपायचं सोडून तो त्या खोलीतल्या वायरी मोजत दीड तास धावला. “आज होत नाही, पुढची तारीख घ्या.” पुढची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली. तेव्हा झोपला. रिपोर्ट आला : दोन्ही कान चांगले. आम्ही टेकडीच्या गणपतीला जाऊन नारळ फोडला.

महोदय, खरं तर त्या दिवशी नारळ फोडायचा नव्हता, घाई करायची होती. कान चांगले असून मूल हाकेला वळत नाही, म्हणजे प्रश्न दुसरीकडे आहे. हे रिपोर्ट देणाऱ्याला ठाऊक असणार. पण त्याचं काम कान मोजणं होतं, त्यानं कान मोजले. कागदावर पुढं कुणाकडे जायचं ते नव्हतं, म्हणून आम्ही कुणाकडेच गेलो नाही. नऊ महिने.

मग ऑटिझमची तपासणी झाली. दादू तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. एप्रिल असल्यामुळे खोलीत कूलर लावलेला. आमचा मुलगा आत शिरला तो थेट कूलरपाशी गेला आणि वाळ्याच्या ताटीच्या फटीतून आतलं पातं बघत उभा राहिला. तपासणाऱ्या मॅडमनी तीनदा हाक मारली. ठोकळे दिले, बाहुली दिली, खोटा-खोटा चहा पाजा म्हणाल्या. त्यानं ठोकळे रंगाप्रमाणे लावले आणि परत कूलरकडे. आम्हाला काही प्रश्न विचारले. सगळं मिळून २५ मिनिटं.

निदान चुकलं अशी माझी तक्रार नाही. निदान बरोबर होतं. ऑटिझमला रक्ताची चाचणी नाही, एमआरआयमध्ये तो दिसत नाही. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचं वर्णन लिहिलं तेव्हा त्यांच्याजवळ निरीक्षणच होतं, आणि आजही मुख्य साधन तेच आहे : मूल बघायचं, आईबापांना विचारायचं. लोकांशी देवाणघेवाण कशी आहे हे एक, आणि तेच-ते करणं, ठरावीक गोष्टींचा हट्ट, आवाज-स्पर्श-उजेडाचा त्रास किंवा ओढ हे दुसरं. दोन्हीकडे पुरेशा खुणा हव्यात आणि त्या लहानपणापासूनच्या हव्यात. म्हणून तर वेळ हवा. २५ मिनिटांत दिसतं ते मूल नवख्या खोलीतलं असतं. बोलणारी, नजर देणारी, शांत बसणारी मुलगी तर २५ मिनिटांत सहज निसटते. आमच्या गल्लीतली एक नववीत गेल्यावर कळली.

रिपोर्ट सहा पानी इंग्रजी होता. शेवटच्या पानावर शिफारस : एसटी, ओटी, बिहेविअर थेरपी. एसटी म्हणजे मला लाल बसच माहीत; ती बोलण्याची थेरपी आणि ओटी ही रोजची कामं शिकवणारी, हे नंतर कळलं. विचारलं, हे कुठं मिळतं? उत्तर आलं, “बाहेर कुठंही करा, चालेल.” बाहेर म्हणजे पार्किंग होतं. पार्किंगमध्ये आम्ही दोघं उभे होतो, दादू गाडीचं चाक फिरवायला बसला होता. शेजारच्या बाकावर बसलेली एक बाई गडचिरोलीकडून आली होती, पहाटेच्या गाडीनं, मुलाला मांडीवर घेऊन. तिलाही सहा पानं मिळाली होती. तिनं ती माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, “भाऊ, यात काय लिवलं हाय?” मी तिला काय सांगितलं असेल, तुम्हीच विचार करा.

नाही म्हणायला, पुढचं टेबल आम्हाला चार दिवसांनी सापडलं. फोन आला. गोड आवाज, शुद्ध हिंदी. तुमच्या मुलाला स्टेम सेल देऊ, हप्त्यानं पैसे भरा. आमचा नंबर त्याच्यापर्यंत कसा गेला ते आजवर कळलं नाही. एक सरकारी फोन नाही, एक शाळेचा नाही, एक थेरपिस्टचा नाही. आमच्या फायलीत स्वतःहून रस घेणारा पहिला माणूस विक्रेता निघाला. ऑटिझमवर स्टेम सेलचा उपचार करू नये असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगून ठेवलंय. हे मला नंतर कळलं. तेव्हा आम्ही सोसायटीचं कर्ज काढायच्या बेतात होतो. बायकोनं अडवलं. ती म्हणाली, ज्याला मुलाचं वय विचारायचंही सुचलं नाही त्याला पैसे देऊ नका.

दिव्यांग प्रमाणपत्राचं थोडक्यात सांगतो, कारण त्या रांगेची हकिगत आपल्याकडे दर सोमवारी येतच असेल. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. २०१६च्या कायद्यानं २१ केले, त्यात तो आला. मोजायला भारतीय मापन आहे, ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७०च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. मला तीन फेऱ्या पडल्या. एका खिडकीवरच्या पोरानं फॉर्मवर ‘मतिमंद’वर टिक केली, मी खोडायला लावली, त्यात एक फेरी गेली. दादूला ६० टक्के मिळाले. ऑफिसात एकानं विचारलं, फर्स्ट क्लास ना? त्याला वाईट वाटू नये म्हणून मी हसलो.

कार्ड मिळालं. त्यावर काय काय मिळतं ते मात्र कार्डासोबत येत नाही. राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो, हे मला दुसऱ्या एका बापानं सांगितलं. जुन्या आयकर पद्धतीत ७५,००० रुपयांची वजावट, आणि ऑटिझमसाठी त्याला वेगळा फॉर्म लागतो, हे आमच्या लेखा शाखेतल्या भाऊंनी तर्री पोहे खाता खाता सांगितलं. तर्री पोह्यांच्या टपरीवर जेवढं समाजकल्याण होतं तेवढं आमच्यासाठी एकाही खिडकीवर झालं नाही.

थेरपी सुरू झाली तेव्हा दादू तीन वर्षं दहा महिन्यांचा होता. आठवड्यातून दोनदा, ४५ मिनिटं, प्रत्येक वेळचे ७०० रुपये. पहिल्या ठिकाणी सांगितलं, घरी एकच भाषा ठेवा, शक्यतो इंग्रजी, शाळेत तीच लागणार. आम्ही ऐकलं. आम्ही दोघं तोडकंमोडकं ‘कम हिअर, सिट डाऊन’ करू लागलो आणि माझी आई गप्प झाली. तिला इंग्रजी येत नाही. ज्या बाईनं त्याला मांडीवर घेऊन रोज भाकरीचा तुकडा भरवला, ती चार महिने त्याच्याशी खुणांनी बोलत होती. नंतर एक तरुण थेरपिस्ट भेटली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, घरात सगळ्यात जास्त वेळ याच्यासोबत कोण असतं? मग आजी का बोलत नाही? दोन भाषा ऐकल्यानं ऑटिझम असलेली मुलं आणखी मागे पडत नाहीत, असंच संशोधन सांगतं. आईला मोकळीक मिळाली. दादू साडेचार वर्षांचा असताना त्याचा परत आलेला पहिला शब्द होता ‘काहून’, म्हणजे आजीच्या बोलीतलं ‘का’. आजही तो शब्द तो कशालाही वापरतो. पाणी हवं, काहून. दार उघड, काहून.

पुढे मेट्रोनं त्याला वाक्यं दिली. कंटाळा आला, निघायचं असलं की तो म्हणतो, “पुढील स्थानक, रहाटे कॉलनी.” शाळेसाठी सहाव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा अर्ध्या तासानं त्यानं हेच म्हटलं. तपासणाऱ्या मॅडमनी लिहिलं, असंबद्ध बोलणं. बायको म्हणाली, “मॅडम, तो निघू या म्हणून राहिला.” मॅडमनी पेन खाली ठेवलं, त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “पाच मिनिटांनी रहाटे कॉलनी.” तो पुन्हा बसला. त्यांनी ती ओळ खोडली आणि घरी अशी आणखी कोणती वाक्यं आहेत ते विचारून अर्धं पान भरलं. अकरा कागदांतला तो एकच कागद मी दादूच्या शिक्षिकेला वाचायला दिला. असं तपासता येतं, महोदय. त्यासाठी कुठलं यंत्र लागलं नाही.

शाळेचं म्हणाल तर तीन खासगी शाळांनी नाही म्हटलं. स्पष्ट नकार नव्हे, गोड नकार : “आमच्याकडे तशी सोय नाही”, “बाकीच्या पालकांचं काय”, “त्याच्यासोबत बसायला शॅडो टीचर तुम्ही आणा, पगार तुम्ही द्या.” २०१६च्या कायद्याचं कलम १६ शाळांना असं करू देत नाही आणि कलम ३१ सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतं. मी कलमं तोंडपाठ करून गेलो होतो, उपयोग झाला नाही. मुलाला नको असलेल्या जागी कलमानं बसवायचं माझ्याही जिवावर आलं. शेवटी एका सरकारी मराठी शाळेनं घेतलं. बाईंच्या वर्गात २६ मुलं. त्यांनी याला दाराजवळ जागा दिली, म्हणजे आवाज वाढला की उठून व्हरांड्यात जाता येतं, आणि मधल्या सुटीची घंटा द्यायचं काम दिलं. तेव्हापासून त्या शाळेची घंटा एका मिनिटानंही चुकत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, आता तासही लांबवता येत नाही.

या बाईंना ऑटिझमचं प्रशिक्षण कुणी दिलं? कुणीच नाही. विशेष शिक्षिका पंधरा दिवसांतून एकदा येतात, त्यांच्याकडे एवढ्या शाळा आहेत की नावं सांगताना बोटं पुरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं : प्राथमिकला दिव्यांग १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. आपल्या जिल्ह्यात हे प्रमाण किती आहे ते जाहीर करा, एवढंच मागतो.

हे सगळं आपल्याला का लिहितोय? आरोग्य, शिक्षण आणि दिव्यांग कल्याण ही तीन खाती एका टेबलाभोवती बसवू शकेल असं जिल्ह्यात एकच पद आहे, म्हणून. महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढला, चांगलंच झालं. पण माझं मूल तपासलं जातं आरोग्य खात्यात, शिकतं शिक्षण खात्यात. शिवाय राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचे आपण पदसिद्ध प्रमुख आहात. दादू अठरा वर्षांचा झाल्यावर त्याचं पालकत्व कुणाकडे राहील हे त्या समितीसमोरच ठरणार आहे. अकरा वर्षांनी भेटायचंच आहे, तर आधी एकदा भेटू.

नागपुरात मेडिकल कॉलेज आहे, मेयो रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे, दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं सीआरसी केंद्र आहे. विदर्भच नाही तर छिंदवाडा-बालाघाटचे लोक इथं येतात. मला नवी इमारत नको. मला जावक क्रमांक हवा आहे. ज्या दिवशी कुणी मुलाबद्दल संशय नोंदवील, त्याच दिवशी पुढची तारीख, जागा आणि एका माणसाचं नाव मराठीत लिहिलेला एक कागद आईच्या हातात पडावा. निदानाची वाट न बघता. बोलत नसलेल्या मुलाशी कसं खेळायचं, त्याच्या नजरेच्या पातळीवर कसं बसायचं, तो काय बघतोय त्यावर आपण कसं बोलायचं, हे शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही. ते शिकवायला दरवेळी तज्ज्ञही लागत नाही : गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तज्ज्ञ नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना तयार करून त्यांच्याकरवी आईबापांना हे शिकवलं गेलं, आणि त्याचा उपयोग झाल्याचं २०१६ मध्ये छापून आलंय. आपल्याकडे आशाताई आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत. त्यांच्यावर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मला माहीत आहे, म्हणून हे काम बिनमोबदला त्यांच्या गळ्यात मारू नका, ही विनंतीही इथंच जोडतो.

आणि एक नोंदवही ठेवा. मी आखून देतो. सहा रकाने : मुलाचा क्रमांक, संशय आल्याची तारीख, तपासणीची तारीख, मदत सुरू झाल्याची तारीख, शाळा, मुलामागे कोण जबाबदार. दुसऱ्या आणि चौथ्या रकान्यात किती महिन्यांचं अंतर पडतं ते दर तीन महिन्यांनी बैठकीत मोठ्यानं वाचा. दादूचं अंतर २८ महिने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२१ मध्ये जगात १२७ माणसांमागे एक ऑटिझमची होती. म्हणजे ६०० मुलांच्या शाळेत चार-पाच. त्यांची रजिस्टरं कुठं आहेत ते शोधायला आपण माणूस पाठवाल तेव्हा तो रिकाम्या हातानं परत येईल, कारण ती अजून आखलेलीच नाहीत.

दादूच्या प्रमाणपत्राची मुदत पुढच्या महिन्यात संपते. तो अजूनही ऑटिस्टिक आहे, हे सिद्ध करायला मी त्याला घेऊन पुन्हा रांगेत उभा राहीन. खोलीत कूलर असेल तर बरं, तेवढा वेळ तो शांत राहतो.

मंगळवार आणि शुक्रवारी दुपारी थेरपी असते. बाकी आपण बोलवाल त्या दिवशी रजा टाकून येतो.

आपला,
एक बाप,
मानेवाडा, नागपूर.

सोबत : अकरा कागदांच्या झेरॉक्स प्रती, नोंदवहीचा कोरा नमुना, एक पान.

प्रत, पुढील कार्यवाहीस्तव :
१. जिल्हा शल्यचिकित्सक, नागपूर
२. वैद्यकीय आरोग्य अधिकारी, महानगरपालिका, नागपूर
३. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद, नागपूर
४. शिक्षणाधिकारी, महानगरपालिका, नागपूर